टीम तुमच्याशिवाय चालते का?

कॉलेजचं गॅदरिंग आठवा. एक जण सगळीकडे पळत असतो. मंडपवाल्याचा फोन त्यालाच, साऊंडवाल्याचा हिशेब त्याच्याच डोक्यात, सूत्रसंचालनाचा कागदही त्याच्याच खिशात. बाकीचे वीस जण ‘आता काय करू?’ विचारत त्याच्या मागे. कार्यक्रम पार पडतो आणि सगळे म्हणतात, ‘तो होता म्हणून झालं!’ पुढच्या वर्षी तो पास होऊन निघून जातो आणि ज्युनिअर मंडळी पुन्हा शून्यापासून सुरुवात करतात. मग तो चांगला लीडर होता का?

उद्या तुम्ही नोकरीला लागाल किंवा स्वतःचा व्यवसाय सुरू कराल. हाताखाली चार माणसं येतील, तेव्हाही हाच प्रश्न समोर उभा राहील. त्याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. आपल्या कर्जतच्या शेजारी, जामखेडमध्ये ते पन्नासहून अधिक वर्षं काम करतंय.

दोन डॉक्टर, अनेक गावं

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य जामखेडला आलं. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉक्टर झालेले आणि अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. त्यांनी इथे ‘समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प’ सुरू केला. १९७१ च्या सुमारास या गावांमध्ये जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं पहिला वाढदिवस बघण्याआधीच दगावत होती. जुलाब, धनुर्वात, कुपोषण अशी कारणं, म्हणजे बरीचशी टाळता येण्यासारखी. पण दवाखाना जामखेडला आणि तान्हं बाळ लांबच्या वाडीवर. दोन डॉक्टर कुठं कुठं पुरणार?

त्यांनी आधी प्रशिक्षित नर्सना गावात पाठवून पाहिलं. ते जमलं नाही. बाहेरून आलेल्या मुलींना गावात एकटं राहणं अवघड आणि गावातल्या बायकांना त्या परक्या. तेव्हा एका सरपंचाने सुचवलं, की आमच्याच गावातली एखादी बाई तुम्ही का शिकवत नाही?

इथेच नेतृत्वाची पहिली परीक्षा होती. परदेशात शिकून आलेल्या डॉक्टरांना सरपंच सल्ला देतोय! ‘तुम्हाला यातलं काय कळतं?’ असं म्हणणं सोपं होतं. आरोळेंनी सल्ला मानला.

निवड आणि शिकवण

गावाने आपली बाई निवडायची असं ठरलं. अनेक जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. काही जणी त्या समाजातल्या होत्या, ज्यांना तेव्हा गावच्या विहिरीवर पाणीही भरू दिलं जात नव्हतं. डिग्री कुणाकडेच नव्हती. पण कोणत्या घरात कोण बाळंत होणार आहे, कुठल्या घरात चूल पेटत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. जे शिकवता येतं ते आरोळेंनी शिकवलं, जे शिकवता येत नाही ते या बायकांकडे आधीच होतं.

शिक्षण एकदाच देऊन सोडून दिलं नाही. या बायका नियमित जामखेडला यायच्या. गावात काय घडलं, काय जमलं, काय फसलं, हे एकमेकींना सांगायच्या आणि त्यातूनच पुढचा धडा व्हायचा. आपल्याकडे टीम मीटिंगमध्ये बॉस बोलतो आणि बाकीचे मान हलवतात. तिथे ज्यांनी काम केलं, त्या बोलत होत्या.

अधिकार दिला, हात सोडला नाही

गरोदर बाईची काळजी, सुरक्षित बाळंतपण, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी, लसीकरण, आहार हे सगळं त्या सांभाळू लागल्या. पण एक गोष्ट स्पष्ट होती. काय स्वतः करायचं आणि कुठे थांबून पेशंटला जामखेडच्या दवाखान्यात पाठवायचं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. नर्सची टीम गावात फेरी मारायची, ती त्यांच्या मदतीला.

‘तू बघून घे’ म्हणून काम अंगावर टाकणं आणि काम सोपवणं, यात हाच फरक आहे. सोपवताना तीन गोष्टी द्याव्या लागतात: कौशल्य, निर्णयाचा अधिकार आणि अडलं तर हाक मारायची जागा. यातलं एक जरी राहिलं तरी माणूस फसतो आणि आपण म्हणतो, ‘बघा, याला जमत नाही.’

हे बोलायला सोपं आहे. आपल्याला येणारं काम दुसऱ्याला शिकवलं की आपली किंमत कमी होईल, ही भीती प्रत्येकाला असते. डॉक्टरलाही असते. म्हणून तर ऑफिसात सीनिअर मंडळी फाईलचा पासवर्डसुद्धा सांगत नाहीत!

जामखेडमध्ये काय झालं? १९९० च्या दशकापर्यंत प्रकल्पाच्या गावांमधला बालमृत्यूचा आकडा हजारी तीसच्या खाली आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज गावोगावी दिसणाऱ्या ‘आशा’ताईंच्या कामामागेही गावातल्याच बाईला शिकवण्याचा हाच विचार आहे. आरोळे दांपत्य आता हयात नाही, पण प्रकल्प सुरू आहे.

तुम्ही काय कराल?

एनएसएसचं शिबिर असो, ग्रुप प्रोजेक्ट असो की पहिली नोकरी, एवढं करून बघा.

• टीम निवडताना फक्त मार्क बघू नका. ज्याच्याशी लोक मोकळेपणाने बोलतात, असा एक जण घ्याच.

• फक्त तुम्हालाच येणाऱ्या कामांची यादी करा. त्यातलं एक काम या महिन्यात कुणाला तरी शिकवा.

• मीटिंगमध्ये सगळ्यात शेवटी बोला. आधी विचारा, ‘कुठे अडलं?’

• चूक झाली तर चारचौघांत झापू नका. ती सगळ्यांसाठी धडा कशी होईल ते बघा.

• वर्षभरातून एकदा मुद्दाम दोन दिवस बाजूला व्हा आणि काम चालतं का ते पाहा.

त्या दोन दिवसांत तुमचा फोन फारसा वाजला नाही, तर मनाला लावून घेऊ नका. तुमची टीम तयार होतेय, असं समजा.