जुन्या अँप्लिफायरची भुणभुण

वाशिमकडे भजनी मंडळाचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायर माळ्यावरून उतरतो तो रामनवमीच्या तोंडावर, पोहरादेवीची यात्रा जवळ आली की. बटण दाबलं, की आधी भुणभुण. ती बहुधा १०० हर्ट्झची: घरची वीज ५० हर्ट्झची, रेक्टिफायर तिच्या दोन्ही अर्धलहरी वापरतो, म्हणून दुप्पट. ही लहर सपाट करणारा फिल्टर कपॅसिटर सुकला, की भुणभुण स्पीकरपर्यंत पोहोचते. तापमान १० अंशांनी वाढलं, तर त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. त्यात वऱ्हाडातला मे महिना आणि टिनाचं छप्पर, बोलायलाच नको!

कपॅसिटर बदलणं सोपं, पण घाई नको. प्लग काढल्यावरही आत ३०० व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. रेझिस्टरमधून ते उतरवा, मीटरने तपासा. मग साधा १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये जोडून चालू करा. बल्ब लख्ख पेटूनच राहिला, तर आत अजून शॉर्ट आहे.