शिळ्या पोळीचा लाडू आणि गेमबॉय

मैत्रिणींनो, कालच्या पोळ्या कुस्करून, गूळ-तूप घालून लाडू वळणं आपल्याला नवं नाही. जपानमध्ये एका माणसानं हीच रीत खेळण्यांच्या कारखान्यात चालवली. ऐका तर खरं!

निन्टेंडो म्हटलं की मुलं घडाघडा खेळांची नावं सांगतात. पण ही कंपनी मुळात पत्ते करणारी! १८८९ साली क्योटोमध्ये फुसाजिरो यामाउची यांनी ‘हानाफुदा’ पत्ते काढले. बारा महिन्यांची बारा फुलंझाडं, प्रत्येकाची चार पानं, मिळून ४८ पत्ते. १९४९ मध्ये त्यांचा पणतू हिरोशी शिक्षण सोडून गादीवर बसला. पुढं पत्त्यांचा खप घसरला, तेव्हा त्यानं टॅक्सी चालवून पाहिल्या, झटपट भातही विकून पाहिला. काही जमेना. (भाताच्या देशात भात विकायचा, तोही पाकिटातला!)

कारखान्यात गुनपेई योकोई नावाचा तरुण यंत्रांच्या देखभालीला होता. रिकाम्या वेळात त्यानं लांबच्या वस्तू पकडणारा, चिमट्यासारखा लांबणारा हात बनवला. मालकानं बोलावलं, वाटलं, आता बोलणी बसणार. मालक म्हणाले, हेच विकायला काढ! १९६६ च्या त्या ‘अल्ट्रा हँड’चे दहा लाखांहून अधिक नग खपले.

योकोईंचं म्हणणं एकच: जुनं, स्वस्त झालेलं तंत्र घ्या, उपयोग मात्र नवा शोधा. आगगाडीत कंटाळलेला एक गृहस्थ कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला त्यांनी पाहिला. कॅल्क्युलेटरचे पडदे तेव्हा स्वस्त झालेच होते. त्यातून १९८० मध्ये खिशातला ‘गेम अँड वॉच’ निघाला; खेळ आणि घड्याळ एकातच.

१९८९ चा गेमबॉय तर दिसायला अगदीच साधा, पडदा हिरवट, रंग नाहीत. प्रतिस्पर्ध्यांचे रंगीत पडदे सहा सेल चार-पाच तासांत संपवत. हा चार सेलवर दहा तासांहून जास्त चाले. पुढच्या रंगीत आवृत्तीसह त्याचा खप ११ कोटींच्या वर गेला. आईबापांच्या खिशाची काळजी त्यांना होती की नाही कोण जाणे, पण फायदा झाला खरा.

१९९५ मध्ये मात्र त्यांचा ‘व्हर्च्युअल बॉय’ साफ पडला. डोळ्यांना लावून पाहायचं, सगळं लाल-काळं; वर्षभरात बंद. पुढच्याच वर्षी, तीस वर्षांनंतर, त्यांनी कंपनी सोडली आणि १९९७ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. वय अवघं ५६.

आणि हो, फुलांचे ते पत्ते कंपनी अजूनही काढते, बरं का!