पाण्याखालचा कोंब

भात हे पाण्यातले पीक आहे, असे आपण सारेच म्हणतो. आम्हीही म्हणत होतो. परंतु काही वर्षांपूर्वी जूनच्या अखेरीस आमच्या युनियनचा एक सभासद रजेचा अर्ज घेऊन आला. खाडीकाठी त्याची थोडी खारजमीन. पेरणीसाठी घेतलेली चार दिवसांची रजा संपली, आणि त्याच आठवड्यात पेरलेले सारे पाण्याखाली कुजले. दुबार पेरणीसाठी दुसरी रजा हवी होती. कारखान्याचे साहेब म्हणाले, "भात पाण्यातच वाढते ना? मग पाण्याने मेले कसे?" अर्ज नामंजूर झाला. आम्ही भांडलो खरे. पण त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. नववीत शाळा सुटलेल्या माणसाला पुस्तक उघडायला एवढे निमित्त पुरते. जे समजले ते येथे मांडतो.

प्रथम ही जमीन कशी असते ते पाहू. खाडीचे पाणी बांध घालून अडवायचे आणि बांधात उघाडी ठेवायची. ओहोटीला उघाडीतून शेतातले पाणी बाहेर पडते, भरतीला झडप मिटते. पहिल्या पावसाने मातीतले मीठ धुऊन निघाले की बी टाकतात. पुष्कळ ठिकाणी येथे रहू पद्धत आहे. बी भिजवून, पोत्यात दडपून मोड आणायचे आणि ते चिखलावर फेकायचे. त्या वेळी पाणी काढून टाकलेले असते. पण मोठा पाऊस आणि मोठी भरती एकदम आली, किंवा उघाडी नादुरुस्त असली, तर पाणी दिवसचे दिवस तुंबते. कोंब बुडतो.

आता कोंबाची अडचण काय ती पाहा. बीसुद्धा श्वास घेते. प्राणवायू हवेतून जितका लवकर पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू तो साचलेल्या पाण्यातून पसरतो. जो थोडा असतो, तो चिखलातले सूक्ष्म जीव संपवून टाकतात. अशा जागी गव्हाचे किंवा जवाचे बी रुजतच नाही. दाण्यात पीठ भरपूर असते. पण त्या पिठाची साखर करणारा पाचकरस, ज्याला अमायलेज म्हणतात, तो त्यांना प्राणवायूवाचून तयार करता येत नाही. कोठार भरलेले आणि किल्ली हरवलेली! भाताजवळ मात्र ही किल्ली प्राणवायूवाचूनही राहते.

परंतु कोठार उघडले तरी खर्च भारी पडतो. प्राणवायू असला तर साखरेच्या एका रेणूपासून पेशीला ऊर्जेची तीसच्या आसपास नाणी मिळतात. नसला तर केवळ दोन. ताडी आंबते तशी साखर आंबवून कोंबाला दिवस काढावे लागतात. संपाच्या दिवसांत शिल्लक निधीवर घर चालवण्यासारखेच हे आहे. म्हणून कोंब काटकसर करतो. मूळ थांबते, हिरवे पान थांबते. वाढते ते फक्त कोंबाभोवतीचे पांढरे म्यान. शास्त्रज्ञ त्याला कोलिओप्टाइल म्हणतात. त्याचे टोक पाण्याबाहेर पोहोचले की त्यातून हवा खाली उतरते, मग मूळ धरते, पान फुटते. दाण्यातला साठा संपण्याआधी टोक वर पोहोचले नाही, तर रोप मेले. शिवाय मूळ नसल्याने लाटेबरोबर वाहून जाण्याचीही भीती.

लावणीच्या रोपाची गोष्ट वेगळी. त्याची पाने पाण्यावर असतात. खोडात व मुळांत हवेच्या पोकळ नळ्या असतात, आणि मुळाची बाहेरची साल हवा वाटेत गळू देत नाही. म्हणजे भात पाण्यात उभे राहते ते वरून हवा मिळते म्हणून. साहेबांना द्यायचे उत्तर ते हेच.

सगळेच रोप बुडाले तर भाताच्या जाती दोन प्रकारांनी वागतात. बंगाल-आसामकडील खोल पाण्यातल्या जाती पाण्याबरोबर वर वर वाढत जातात. ओडिशातली एफआर १३ ए ही जात उलट वाढ थांबवून साठा राखते. तिच्यातला सब-१ए हा जनुक २००६ साली उजेडात आला, आणि २००९ साली स्वर्णा-सब१ हे वाण भारतात प्रसारित झाले. ते सुमारे दोन आठवडे बुडून राहिले तरी पुन्हा उभारी धरते. पण हा गुण वाढलेल्या रोपाचा. बुडालेल्या बियाला वर आणणारा एक जनुक म्यानमारच्या खाओ ह्लान ऑन या जातीत सापडला. त्याचे काम २०१५ साली प्रसिद्ध झाले. आपल्या पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, २, ३ ही वाणे दिली, ती मीठ सोसणारी. मीठ सोसणे आणि बुडणे सोसणे हे दोन वेगळे गुण आहेत, हे बियाणे घेताना ध्यानात ठेवावे.

तोवर उपाय जुनेच आहेत. खाचर सपाट करावे, म्हणजे खळग्यांत पाणी राहत नाही. बी चिखलात खोल दाबू नये. पाणी निघायला चर ठेवावेत, आणि उघाडी मिरगाआधी दुरुस्त व्हावी. शेवटचे काम एकट्याचे नव्हे. १९७० साली सिडको स्थापन झाल्यावर पनवेल-उरणच्या कितीतरी शेतीवर भराव पडला. भरावाने नाला अरुंद झाला की उरलेल्या शेतातले पाणी उशिरा ओसरते. आणि कोंबाचा हिशेब तर दिवसांचा आहे.

पुढच्या कराराच्या बोलणीत आम्ही हे सारे कागदावर मांडले. पेरणीची रजा ठरावीक तारखांना न बांधता जून ते ऑगस्टमध्ये दोन हप्त्यांत घेता यावी, एवढीच मागणी होती. ती मान्य झाली. आमच्या त्या सभासदाचे मात्र त्या वर्षीचे शेत पडीकच राहिले.