आभासी खाजगी जाळें

गेल्या मे महिन्याच्या सुटींत आम्हीं एक अविचार केला, व त्यांतूनच हा लेख जन्मास आला. आमच्या घरीं मोबाइल एकच. त्यावर वडिलांचा बँकेचा व्यवहार चालतो, आईचें आजोळच्या मंडळींशीं बोलणें होतें, आणि उरल्या वेळीं आमचा अभ्यास. एके दिवशीं ‘फुकट व्ही. पी. एन.’ अशी जाहिरात दिसली. तें काय असतें हें न कळतांच आम्हीं तें ॲप उतरवून घेतलें. मोबाइलनें एक सूचना पुढें केली. ती न वाचतांच आम्हीं होकाराचें बटण दाबलें. पुढें शाळा सुरू झाल्यावर आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनीं तसलीच सूचना आमच्याकडून मोठ्यानें वाचवून घेतली. तिचा भावार्थ असा कीं, या ॲपला तुमच्या इंटरनेटवरील रहदारीवर नजर ठेवतां येईल. विश्वास असेल तरच संमति द्या. संमति आम्हीं दिली होती. पण मोबाइल एकट्या आमचा नव्हता!

व्ही. पी. एन. म्हणजे ‘व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क’, अर्थात् आभासी खाजगी जाळें. आपण एखादें संकेतस्थळ उघडतों, तेव्हां आपली मागणी वायफाय चालविणाऱ्याच्या किंवा सिमकार्डाच्या कंपनीच्या यंत्रांतून जाते. बहुतेक संकेतस्थळें आज मजकूर कुलूपबंद करूनच पाठवितात. त्यामुळें तो वाटेंत सहसा कोणास वाचतां येत नाहीं. परंतु लखोट्यावरचा पत्ता जसा टपालवाल्यास दिसतो, तसें आपण कोणत्या स्थळीं गेलों हें वाटेंतील यंत्रांस दिसूं शकतें. व्ही. पी. एन. हा लखोटा दुसऱ्या मोठ्या लखोट्यांत घालून आपल्या सर्व्हरकडे पाठवितें. तेथें बाहेरचा लखोटा फुटतो व आंतील लखोटा मूळ पत्त्यावर रवाना होतो. ही युक्ति मूळची कचेऱ्यांची. परगांवीं असलेल्या नोकरास कचेरीच्या अंतर्गत जाळ्यांत सुरक्षितपणें शिरतां यावें हा तिचा हेतु. २०२० सालच्या टाळेबंदींत घरीं बसून काम करणाऱ्या पुष्कळांस तिचा परिचय झाला.

तें मोबाइलवर लावण्याचे मार्ग दोन. पहिला हातानें माहिती भरण्याचा. कचेरीकडून किंवा विद्यापीठाकडून सर्व्हरचा पत्ता, जोडणीचा प्रकार, वापरकर्त्याचें नांव व परवलीचा शब्द मागून घ्यावा. अँड्रॉइडवर ‘सेटिंग्ज’मधील ‘नेटवर्क व इंटरनेट’ या भागांत व्ही. पी. एन. सांपडतें, तेथें अधिकाचें चिन्ह दाबून ही माहिती भरावी. कंपनीपरत्वें नांवें थोडीं बदलतात. न सांपडल्यास सेटिंग्जमध्येंच शोध घ्यावा. आयफोन व आयपॅड यांवर ‘सेटिंग्ज’, मग ‘जनरल’, मग ‘व्ही. पी. एन. व डिव्हाइस मॅनेजमेंट’ असें जावें. पी. पी. टी. पी. हा जुना प्रकार आतां असुरक्षित मानितात, तो टाळावा. दुसरा मार्ग ॲपचा. तें अधिकृत दुकानांतूनच घ्यावें, जाहिरातींतील दुव्यावरून नव्हे. जोडणी झाली म्हणजे अँड्रॉइडवर माथ्याशीं लहानशी किल्ली दिसते. खात्री करावयाची तर आपला आय. पी. पत्ता दाखविणारें एखादें स्थळ जोडणीपूर्वीं व जोडणीनंतर उघडून पाहावें. पत्ता बदललेला दिसला पाहिजे.

येथवर काम सोपें आहे. अवघड गोष्ट पुढेंच. वाटेवरच्यांपासून जें लपविलें, तें आतां व्ही. पी. एन. चालविणाऱ्याच्या हातीं आलें. म्हणजे पहारेकरी नाहींसा झाला नाहीं, फक्त बदलला. फेसबुकनें २०१३ सालीं ओनाव्हो ही कंपनी विकत घेतली. तिचें व्ही. पी. एन. ॲप विनामूल्य असून माहितीचें रक्षण करण्याचें आश्वासन देत असे. प्रत्यक्षांत वापरणारे कोणकोणतीं ॲपें उघडतात ही माहिती फेसबुकच्या व्यापारासाठीं वापरली जात होती. ही गोष्ट लोकांस नीट सांगितली नाहीं, म्हणून ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयानें २०२३ सालीं संबंधित दोन कंपन्यांस मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांचा दंड केला. फुकट वस्तूचें मोल कोण देतो, हें यावरून दिसतें.

शिवाय व्ही. पी. एन. म्हणजे कांहीं अदृश्य होण्याची जादू नव्हे. आपल्या नांवानें खातें उघडलें कीं त्या स्थळास आपण कोण हें कळतेंच. फसव्या दुव्यावर बोट ठेवलें तर तें आपणांस वाचवीत नाहीं. भारतांत ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेनें एप्रिल २०२२ मध्यें आज्ञा काढली कीं, व्ही. पी. एन. पुरविणाऱ्यांनीं ग्राहकांचीं नांवें, पत्ते इत्यादि माहिती निदान ५ वर्षें जतन करावी. त्यानंतर कांहीं परदेशी कंपन्यांनीं भारतांतील आपले सर्व्हर काढून घेतले. तेव्हां निवड करतांना कंपनी कोणाची, ती कोणत्या देशची, कोणती नोंद ठेविते व तिचा खर्च कशांतून भागतो, इतकें तरी पाहावें.

त्याच दिवशीं संध्याकाळीं आम्हीं तें ॲप काढून टाकिलें व वडिलांस सर्व सांगितलें. ते रागावतील असें वाटलें होतें. त्यांनीं इतकेंच विचारलें, “कंपनी कोणाची होती रे?” आम्हांस सांगतां आलें नाहीं. होकाराचें बटण दाबण्यापूर्वीं वाचकांनीं तोच प्रश्न स्वतःस विचारावा, एवढीच आमची विनंती.