लघुद्वीपीय विश्रांती-पर्यटन : मालदीवच्या 'एक बेट, एक रिसॉर्ट' व्यवस्थेचे विवेचन

प्रस्तावना

विश्रांतीसाठी प्रवास करणे ही आधुनिक समाजाची एक महत्त्वाची गरज बनली आहे. नगरजीवनातील गर्दी, कोलाहल आणि वेळापत्रकाचा ताण यांपासून काही दिवस दूर राहावे, या इच्छेतून ज्या पर्यटनस्थळांना विशेष आकर्षण प्राप्त झाले, त्यांत उष्ण कटिबंधातील लहान बेटांचा क्रम वरचा लागतो. पांढरी वाळू, उथळ निळे पाणी, नारळीची सावली आणि मोजकी माणसे हे या विश्रांतीचे परिचित चित्र होय. हे चित्र पाहणाऱ्यास असे वाटते की, येथे निसर्गाने सर्व काही आधीच सिद्ध करून ठेवले आहे आणि माणसाने केवळ जाऊन विसावायचे आहे. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. लहान बेटावरील निवांतपणा ही अत्यंत काटेकोरपणे उभी केलेली व्यवस्था असून, तिचे मूळ भांडवल म्हणजे बेटाभोवतीची जिवंत प्रवाळभित्ती होय. सदर लेखात हिंदी महासागरातील मालदीव या राष्ट्राच्या उदाहरणाद्वारे या व्यवस्थेचे विवेचन करण्यात आले आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. प्रवाळ बेटाची निर्मिती व त्याच्या नैसर्गिक मर्यादा स्पष्ट करणे.
२. 'एक बेट, एक रिसॉर्ट' या धोरणाचा उगम व स्वरूप समजून घेणे.
३. विश्रांतीमागील पाणी, ऊर्जा, श्रम व कचरा यांच्या व्यवस्थेचा परिचय करून देणे.
४. या पर्यटनापुढील पर्यावरणीय व सामाजिक प्रश्नांची चर्चा करणे.

प्रवाळ बेटाची घडण

मालदीवमध्ये सुमारे १,१९० प्रवाळ बेटे असून ती २६ नैसर्गिक कंकणद्वीपांत विभागलेली आहेत. उत्तर-दक्षिण विस्तार ८०० कि. मी. हून अधिक असला, तरी सर्व बेटांची मिळून भूमी सुमारे ३०० चौ. कि. मी. इतकीच भरते. देशातील सर्वांत उंच नैसर्गिक ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे २.४ मीटर उंच आहे. कंकणद्वीपासाठी जगभर रूढ झालेला 'अॅटोल' हा शब्द मालदीवच्या धिवेही भाषेतील 'अतोळु' या शब्दावरून आला, ही गोष्ट येथे नोंद घेण्याजोगी आहे. चार्ल्स डार्विन यांनी १८४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कंकणद्वीपाच्या उत्पत्तीची उपपत्ती मांडली. तिच्यानुसार ज्वालामुखीय बेट हळूहळू खचत जाते, त्याच्या कडेने वाढणारी प्रवाळभित्ती मात्र वर येत राहते आणि शेवटी मध्यभागी उथळ खारकच्छ व भोवती प्रवाळाचे कडे शिल्लक राहते.

या कड्यावर जी वाळू साठते तिचीच बेटे बनतात. येथील वाळू नद्यांनी वाहून आणलेली नाही. ती सजीवांनी निर्माण केलेली आहे. पोपट मासा प्रवाळाचा पृष्ठभाग कुरतडतो, शेवाळ पचवतो आणि चुनखडीचा भुगा बाहेर टाकतो. मालदीवमधील वक्करू बेटाभोवती झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तेथे नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू पोपट माशांमुळे तयार होत असल्याचे आढळले. पर्यटक ज्या किनाऱ्यावर पहुडतो, तो किनारा अशा रीतीने प्रवाळ आणि मासे यांच्या अखंड कार्याचे फलित असतो.

हा किनारा स्थिरही नसतो. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात वाळू बेटाच्या एका बाजूस सरकते आणि ईशान्य वाऱ्यांच्या काळात ती पुन्हा दुसरीकडे जाते. बेटाचे हे एक प्रकारचे श्वसनच होय. पक्का धक्का किंवा समुद्रात आडवा बांध घातला की, वाळूची ही ये-जा अडते. एका ठिकाणी भर पडते आणि दुसऱ्या ठिकाणी धूप सुरू होते.

'एक बेट, एक रिसॉर्ट' धोरणाचा उगम

मालदीवमधील संघटित पर्यटनाचा प्रारंभ १९७२ मध्ये झाला. जॉर्ज कॉर्बिन हे इटालियन पर्यटन व्यावसायिक आणि अहमद नसीम, मोहम्मद उमर मानिकू व हुसेन अफीफ हे स्थानिक तरुण यांच्या पुढाकारातून विहामनाफुशी या निर्जन बेटावर 'कुरुंबा' हे पहिले रिसॉर्ट सुरू झाले. धिवेही भाषेत कुरुंबा म्हणजे शहाळे. प्रवाळी दगड व नारळीच्या झावळ्या यांनी बांधलेल्या साध्या खोल्या असे त्याचे आरंभीचे स्वरूप होते. त्या वर्षी देशात आलेल्या पर्यटकांची संख्या सुमारे एक हजार होती. १९८१ मध्ये हुळुले येथील विमानतळ आंतरराष्ट्रीय झाल्यानंतर ही संख्या वेगाने वाढली. २०२४ मध्ये २० लाखांहून अधिक पर्यटक मालदीवला आले.

या वाढीस शासनाने एक विशिष्ट चौकट घालून दिली. निर्जन बेट शासनाकडून भाडेपट्ट्याने घ्यावयाचे आणि त्या संपूर्ण बेटावर एकच रिसॉर्ट चालवावयाचे, असा हा नियम होय. बांधकाम बेटाच्या २० टक्क्यांहून अधिक जमिनीवर असू नये, इमारती झाडांच्या माथ्यावर दिसू नयेत, प्रत्येक किनारी खोलीच्या वाट्यास किनाऱ्याची ठरावीक लांबी यावी, अशा अटी पूर्वीच्या नियमावलीत होत्या. पर्यटकास लाभणारा एकांत हा बेटाचा उपजत गुण नसून, या निर्बंधांचे फळ आहे, हे यावरून स्पष्ट होते. ज्या स्थळी नियंत्रण नसते, तेथे निर्जन किनाराही काही वर्षांतच बाजारपेठ बनतो, हा अनुभव अनेक सागरी पर्यटनस्थळांनी घेतला आहे.

या व्यवस्थेचा एक अनपेक्षित लाभ कोविड महासाथीच्या काळात दिसून आला. मार्च २०२० मध्ये बंद केलेल्या सीमा मालदीवने १५ जुलै २०२० रोजी पर्यटकांसाठी पुन्हा खुल्या केल्या. प्रत्येक रिसॉर्ट स्वतंत्र बेटावर असल्याने अलगीकरण तुलनेने सुलभ झाले.

निवांतपणामागील यंत्रणा

लहान बेटावरील रिसॉर्ट म्हणजे एक छोटी नगरपालिकाच असते. वीज, पाणी, मलनिस्सारण, अग्निशमन, कचरा, निवास आणि वाहतूक या सर्व सेवा त्यास स्वतःच पुरवाव्या लागतात.

यांतील सर्वांत नाजूक प्रश्न पाण्याचा आहे. प्रवाळ बेटावर नदी वा तलाव यांचा आधार नसतो. पावसाचे पाणी सच्छिद्र वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्यावर तरंगत राहते. या साठ्याचा आकार भिंगासारखा असतो. तत्त्वतः समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी असावयास हवे. प्रत्यक्षात लहान बेटांवर ही पातळी अत्यल्प असते आणि भरती-ओहोटीमुळे खारे-गोडे पाणी मिसळत राहते. म्हणून हे भिंग पातळच राहते. उपसा वाढला की विहिरी खाऱ्या होतात. परिणामी रिसॉर्टमधील स्नानगृहे, तरणतलाव आणि बगीचे मुख्यत्वे समुद्राच्या पाण्याच्या निःक्षारीकरणावर अवलंबून असतात. व्यस्त परासरणाच्या आधुनिक यंत्रणेतही १,००० लिटर गोड्या पाण्यास साधारणतः ३ ते ४ युनिट वीज लागते आणि ही वीज बहुतांशी डिझेलवर तयार होते. सौरऊर्जेचा वापर वाढत असला, तरी डिझेलचे प्राधान्य अद्याप संपलेले नाही.

ही व्यवस्था किती परावलंबी आहे, याचा प्रत्यय राजधानी मालेला डिसेंबर २०१४ मध्ये आला. निःक्षारीकरण केंद्राला लागलेल्या आगीमुळे शहराचा पाणीपुरवठा ठप्प झाला. त्या वेळी भारताने 'ऑपरेशन नीर' या मोहिमेअंतर्गत विमानांनी व नौदलाच्या जहाजांनी पिण्याचे पाणी पाठविले.

अन्नाची स्थितीही निराळी नाही. मासे व नारळ वगळता तांदूळ, गहू, दूध, भाजीपाला, फळे यांतील बहुतेक सर्व आयात करावे लागते. पाहुण्यांना दिसणाऱ्या किनारी कुटीरांच्या पलीकडे, बेटाच्या मध्यभागी झाडीच्या आड कर्मचाऱ्यांची वसाहत, मशीद, धुलाईगृह, जनित्रे आणि कोठारे असतात. तेथे मालदीवच्या नागरिकांबरोबर भारत, श्रीलंका, बांगलादेश व नेपाळ येथून आलेले कामगार काम करतात. अनेक रिसॉर्ट आपले घड्याळही मालेच्या वेळेपेक्षा एक तास पुढे ठेवतात, जेणेकरून पाहुण्यांना सायंकाळचा उजेड अधिक काळ मिळावा. येथील विश्रांतीत काळाचीही अशी मांडणी केलेली असते.

कचऱ्याचा प्रश्न पाहुण्यांच्या नजरेआड असला, तरी समुद्राच्या नजरेआड नाही. मालेजवळील थिलाफुशी हे खारकच्छ १९९० च्या दशकाच्या प्रारंभापासून राजधानी व परिसरातील रिसॉर्ट यांच्या कचऱ्याने भरत गेले आणि त्यातून एक कृत्रिम बेटच तयार झाले. पर्यावरण रक्षणाच्या खर्चासाठी मालदीवने नोव्हेंबर २०१५ पासून पर्यटकांवर हरित कर लागू केला. रिसॉर्टसाठी तो प्रतिदिनी, प्रतिव्यक्ती ६ अमेरिकी डॉलर होता. जानेवारी २०२५ पासून तो १२ डॉलर करण्यात आला.

भांडवलाचा ऱ्हास

प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशसंश्लेषणाद्वारे प्रवाळास अन्न व रंग पुरवते. समुद्राचे तापमान उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा सुमारे १ अंश सेल्सिअसने अधिक होऊन काही आठवडे टिकले, तर प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. यास प्रवाळ विरंजन म्हणतात. १९९८ च्या विरंजनात मध्य मालदीवच्या उथळ भित्तींवरील बहुतांश जिवंत प्रवाळ नष्ट झाला. पुढील दीड दशकात तो सावरत असतानाच २०१६ मध्ये पुन्हा मोठे विरंजन झाले. एप्रिल २०२४ मध्ये चौथे जागतिक विरंजन सुरू असल्याचे जाहीर झाले. दोन आघातांमधील अंतर कमी होत गेल्यास भित्तीस पूर्ववत होण्यास अवधीच मिळत नाही.

भित्ती मरणे म्हणजे केवळ पाण्याखालील सौंदर्य लोपणे नव्हे. भित्ती लाटांचा जोर मोडते, माशांना आश्रय देते आणि वाळू निर्माण करते. ती ढासळली की किनारा झिजतो. किनारा वाचविण्यासाठी भिंती बांधाव्या लागतात किंवा खारकच्छातून वाळू उपसून ओतावी लागते. या उपशातून उठणारा गाळ उरलेल्या प्रवाळावर बसतो. विश्रांतीचे चित्र टिकविण्यासाठी केलेला उपाय अशा रीतीने त्या चित्राचा आधारच पोखरतो.

याउलट संवर्धन हे आर्थिकदृष्ट्याही लाभदायक ठरू शकते, याचे मालदीवमध्येच एक उद्बोधक उदाहरण आहे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, 'फिश हेड' या प्रसिद्ध ठिकाणी पाणबुड्या पर्यटकांना दिसणाऱ्या एका शार्कपासून वर्षाला सुमारे ३३,५०० डॉलर उत्पन्न मिळत होते, तर तोच शार्क पकडून विकल्यास मच्छीमाराच्या हाती एकदाच सुमारे ३२ डॉलर पडत. पुढे २०१० मध्ये मालदीवने शार्क मासेमारीवर देशभर बंदी घातली.

स्थानिक समाज आणि पर्यटन

'एक बेट, एक रिसॉर्ट' धोरणाचा दुसरा हेतू सांस्कृतिक होता. इस्लामी समाजाच्या वस्तीच्या बेटांवर मद्यास बंदी आहे. रिसॉर्टच्या बेटांवर ते पर्यटकांना उपलब्ध असते. पर्यटक आणि गावे वेगळी ठेवल्यामुळे संघर्ष टळला, परंतु उत्पन्नही वेगळे राहिले. रिसॉर्टशेजारच्या बेटावरील कुटुंबास पर्यटनाचा लाभ प्रामुख्याने दूरवर नोकरीस गेलेल्या मुलाच्या वेतनातूनच मिळत असे. २००९-१० च्या सुमारास वस्तीच्या बेटांवर अतिथीगृहांस मुभा मिळाल्यानंतर माफुशीसारख्या बेटांवर स्थानिकांनी स्वतःचे व्यवसाय उभारले. त्याचबरोबर मर्यादित पाणी, कचरा आणि किनाऱ्याचा वापर यांचे प्रश्न थेट गावाच्या दारात आले. लाभाचे वाटप रुंदावताना भारही रुंदावतो, हा या बदलाचा अर्थ होय.

लक्षद्वीपच्या संदर्भात

भारतीय वाचकांसाठी हा विषय परका नाही. लक्षद्वीप हा त्याच प्रवाळ शृंखलेचा उत्तरेकडील भाग असून, तेथील मिनिकॉय बेटावर धिवेहीचीच एक बोली बोलली जाते. लक्षद्वीपमध्ये ३६ बेटे आहेत आणि त्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ३२ चौ. कि. मी. आहे. जानेवारी २०२४ पासून तेथील पर्यटनाची चर्चा देशभर वाढली. तथापि मालदीवमध्ये शेकडो निर्जन बेटे उपलब्ध होती. लक्षद्वीपमध्ये भूमी अत्यल्प आणि वस्तीच्या बेटांवरील लोकसंख्या दाट आहे. म्हणून मालदीवची नक्कल करण्यापेक्षा तेथील निर्बंध आणि चुका या दोहोंचा अभ्यास करणे अधिक उपयुक्त ठरेल.

निष्कर्ष

१. लहान बेटावरील विश्रांती ही निसर्ग, नियमन आणि अदृश्य श्रम यांची संयुक्त निर्मिती आहे.
२. बेट, किनारा व भित्ती या एकाच सजीव प्रक्रियेच्या अवस्था आहेत; त्यांचा विचार सुटा करता येत नाही.
३. पर्यटकसंख्येची मर्यादा उपलब्ध खोल्यांवरून नव्हे, तर पाणी, कचरा आणि भित्तीची सहनशीलता यांवरून ठरविली पाहिजे.
४. स्थानिक कर व नियम आवश्यक आहेत, परंतु समुद्राच्या वाढत्या तापमानावर कोणतेही एक बेट एकटे उपाय करू शकत नाही.

पर्यटक बेटावर चार-आठ दिवस राहतो आणि ताजातवाना होऊन परततो. त्या बेटास मात्र विश्रांतीचा हंगाम क्वचितच लाभतो. बेटालाही विसावा मिळेल अशा रीतीने पर्यटनाचे नियोजन झाले, तरच पुढील पिढ्यांच्या वाट्यास हा निवांत किनारा येऊ शकेल.