परदेशातलं मूल घरी आणायचंय? सब्र करा, पण कागद आधी नीट करा

अंधेरी, जोगेश्वरी, कुर्ला, घाटकोपर किंवा मालवणीतल्या आपल्या बऱ्याच कुटुंबांचं एक पाऊल परदेशात असतं. कुणाची बहीण अमेरिकेत, कुणाचा भाऊ दुबईत, कुणाची खाला कराचीत. अशा घरात एखाद्या जोडप्याला मूल होत नसेल किंवा तिकडे एखादं मूल यतीम झालं असेल, तर साहजिकच बोलणं निघतं, "ते लेकरू आपणच आणूया ना!" नियत नेक असते. घरचे राजी असतात. मग तिकीट काढायला उशीर कशाला, असं वाटतं.

आमचं म्हणणं एवढंच आहे की, तिकिटाच्या आधी कायदा समजून घ्या. घाई केली तर त्याची किंमत मूल मोजतं.

मुंबईतला निकाल काय सांगतो?

मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये अशाच एका प्रकरणात निकाल दिला. २०१९ मध्ये अमेरिकेत जन्मलेलं नात्यातलं मूल एका भारतीय जोडप्याने काही महिन्यांचं असतानाच इकडे आणलं होतं. मूल त्यांच्याकडेच वाढलं. पुढे त्यांनी दत्तक घ्यायचं ठरवलं तेव्हा अडचण समोर आली. मूल अमेरिकेचं नागरिक होतं. न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांच्या खंडपीठाने सांगितलं की, परदेशी नागरिक असलेलं मूल दत्तक घेणं हा भारतीय नागरिकाचा मूलभूत हक्क नाही, मग ते मूल नात्यातलं का असेना. आपला बाल न्याय कायदा निराधार, संरक्षणाची गरज असलेल्या किंवा कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलांसाठी आहे. हे मूल त्यात बसत नव्हतं. आधी अमेरिकेच्या कायद्याने दत्तकविधान पूर्ण करा, मग पुढची प्रक्रिया करा, असा रस्ता न्यायालयाने दाखवला.

या प्रकरणात मुलावर माया करणारं घर होतं, नातंही रक्ताचं होतं. कमी पडला तो फक्त कामाचा क्रम. तेवढ्यामुळे वर्षानुवर्षं एका लेकराचा कागदोपत्री दर्जा लटकत राहिला. शाळा, पासपोर्ट, वारसा, सगळं याच दर्जावर अवलंबून असतं.

मग बरोबर क्रम कोणता?

पहिला प्रश्न नागरिकत्वाचा. परदेशात राहणाऱ्या मुलाकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्याला इकडे यायला व्हिसा लागत नाही. आईवडिलांची लेखी संमती मात्र हवीच. पासपोर्ट दुसऱ्या देशाचा असेल तर मामला वेगळा.

परदेशी मुलाचं दत्तकविधान आधी त्या देशाच्या कायद्याने पूर्ण व्हावं लागतं. भारतात याची जबाबदारी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे, म्हणजे 'कारा'कडे आहे. आपल्या घराची पाहणी होते, गृह अध्ययन अहवाल तयार होतो, तिकडून मुलाचा अहवाल येतो. भारताने आंतरदेशीय दत्तकविषयक हेग करार २००३ मध्ये मान्य केला. त्या करारातल्या देशातून मूल येत असेल तर दोन्ही देशांच्या प्राधिकरणांची मंजुरी मूल निघण्याआधीच लागते. मुलाकडे परदेशी पासपोर्ट असेल तर तिथल्या भारतीय दूतावासात व्हिसासाठी अर्ज करायचा आणि गृह मंत्रालयाच्या विदेशी विभागाची परवानगी घ्यायची.

म्हणून "आधी टुरिस्ट व्हिसावर आणू, मग बघू" हा सल्ला कुणीही दिला, अगदी घरातल्या वडीलधाऱ्यांनी दिला तरी, ऐकू नका.

आखाती देशांचं काय?

इथे आपल्या लोकांचा जास्त गोंधळ होतो. सौदी अरेबिया, मोरोक्को, पाकिस्तान अशा देशांत आपल्याकडच्यासारखं दत्तकविधान नाही. तिथे कफाला किंवा पालकत्व मिळतं. कफाला म्हणजे मुलाचा सांभाळ, खर्च आणि तरबियत यांची जबाबदारी घेणं. मुलाचा नसब मात्र तोच राहतो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारानेही कफालाची नावानिशी दखल घेतली आहे. पण हेग दत्तक करार कायमचं आईबाप-मूल नातं जोडणाऱ्या दत्तकालाच लागू होतो, त्यात कफाला येत नाही. म्हणजे तिकडचा कफालाचा कागद इकडे दत्तकपत्र म्हणून चालेल असं धरून चालू नका. या विषयातला जाणकार वकील आधी गाठा.

दीन काय सांगतो?

"इस्लाममध्ये दत्तक हराम आहे, मग हा विषयच कशाला?" असं काहीजण म्हणतात. हे अर्धवट ऐकलेलं आहे. सूरह अहजाबमध्ये मनाई आहे ती मुलाचा खरा बाप लपवून त्याला आपल्या नावाने हाक मारण्याला. हजरत जैद (रजि.) लहानपणी आपल्या कबिल्यापासून तुटून मक्केत आले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना मुलासारखं वाढवलं. बाप शोधत आला तेव्हाही जैद यांनी प्रेषितांजवळच राहणं पसंत केलं. लोक त्यांना जैद बिन मुहम्मद म्हणत. आयत उतरल्यावर ते पुन्हा जैद बिन हारिसा झाले. नाव बदललं, पण माया तीच राहिली. पुढे मुअताच्या मोहिमेचं नेतृत्व त्यांच्याकडेच सोपवलं गेलं.

हजरत मरयम यांचा सांभाळ हजरत जकरिया (अ.स.) यांनी केला. प्रेषित (स.) स्वतः यतीम होते, आजोबा आणि नंतर चाचा अबू तालिब यांनी त्यांना वाढवलं. यतीमाचा सांभाळ करणाऱ्याला जन्नतमध्ये आपल्या अगदी जवळची जागा असेल, हे प्रेषितांनी दोन बोटं दाखवून सांगितलं. ज्या दीनमध्ये एवढं सांगितलंय, तो यतीमाला दार बंद कसं करील?

भारतीय कायद्यातही दार उघडं आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये शबनम हाश्मी प्रकरणात सांगितलं की, बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माची व्यक्ती मूल दत्तक घेऊ शकते. सक्ती कुणावरच नाही. ज्यांना दत्तक नको, त्यांच्यासाठी १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याचा मार्ग आहे. त्यात आपण पालक होतो, पण मूल १८ वर्षांचं झालं की ते पालकत्व संपतं आणि वारसा मिळत नाही. बाल न्याय कायद्याच्या दत्तकात मूल सर्व बाबतींत आपलं मानलं जातं. कोणता मार्ग घ्यायचा हे आलिम आणि वकील या दोघांनाही विचारून ठरवा.

तीन गोष्टी मात्र आधीच ठरवाव्यात. मुलाला त्याच्या जन्मदात्यांबद्दल खरं सांगायचं. वारशाची सोय हयातीत हिबा करून किंवा मालमत्तेच्या एक तृतीयांशपर्यंत वसीयत करून ठेवायची. आणि मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर दूधनात्यातून महरमचा प्रश्न सुटू शकतो का, हे आलिमांना वेळेत विचारायचं. ही मुदत गेली की परत येत नाही.

वाट पाहण्याच्या दिवसांत

कागद फिरत असतात तेव्हा महिने जातात, कधी वर्षंही जातात. घरात पाळणा आणलेला असतो आणि मूल हजारो मैल दूर असतं. शेजारची बाई जिन्यात विचारते, "काय झालं हो तुमच्या बाळाचं?" हा काळ कठीण असतो, विशेषतः घरातल्या बाईसाठी. सासरच्यांनी अशा वेळी तिला टोमणे नाही, आधार द्यावा.

या दिवसांतही करण्यासारखं बरंच असतं. रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल करा, म्हणजे मुलाला आवाज आणि चेहरा ओळखीचा होईल. मूल तिकडे जी भाषा बोलतं तिचे चार शब्द शिका. प्रत्येक अर्जाची, पावतीची झेरॉक्स एका फाईलमध्ये ठेवा. उपनगरातल्या कुटुंबांनी हेही लक्षात ठेवावं की १ सप्टेंबर २०२२ पासून भारतातल्या दत्तकाचे आदेश देण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे गेला आहे. आपल्या जिल्ह्याचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे. तिकडून मूल येणं शक्यच नसेल तर इथल्या यतीम मुलांसाठी 'कारा'च्या पोर्टलवर नोंदणी करता येते. सवाब देशाची सीमा बघत नाही.

हजरत याकूब (अ.स.) यांच्या सब्रची आपण मिसाल देतो. पण त्यांनी मुलांना सांगितलं होतं की जा, यूसुफचा शोध घ्या आणि अल्लाहच्या रहमतीची आशा सोडू नका. म्हणजे त्यांच्या सब्रमध्ये दुआ होती, तशी कोशिशही होती. आपणही दुआ चालू ठेवूया आणि फाईलही पुढे सरकवूया. मूल घरी येईल तेव्हा त्याला पुन्हा कुणी परत पाठवू शकणार नाही, असं पक्कं घर त्याला मिळो. आमीन.