जुळ्यांची गाभण मेंढी : खुराक व निगा

सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या उंब्रजसारख्या बागायती भागातही, पिके निघाल्यावर शेतात मेंढ्या बसविण्याची चाल जुनी आहे. शेतास खत मिळते, कळपास चारा मिळतो. मात्र या कळपांतील दख्खनी मेंढी बहुधा एका वेतास एकच कोकरू देते.

याच जिल्ह्यातील फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातील लहानखुऱ्या गारोल मेंढीचा जुळी देण्याचा गुण दख्खनी मेंढीत उतरवून ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार केला. हा गुण ‘फेक-बी’ या एका जनुकामुळे येतो व रक्ततपासणीने ओळखता येतो. या वाणाचा मेंढा कळपात सोडल्याने त्या वेतास जुळी होत नाहीत. त्याच्यापासून झालेल्या ज्या माद्यांत हे जनुक उतरते, त्या पुढे बहुधा जुळी देतात.

शेवटचे सहा आठवडे

मेंढीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो. कोकरांची निम्म्याहून अधिक वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. जुळी असल्यास गरज वाढते, पण पोटात चाऱ्यास जागा कमी उरते. अशा वेळी नुसत्या कडब्यावर मेंढीचे भागत नाही. तिच्या अंगची चरबी झपाट्याने झिजू लागते व त्यातून विषार होतो. मेंढी कळपामागे रेंगाळते, खुराकास तोंड लावीत नाही, आंधळ्यासारखी चाचपडते, दात खाते व अखेर बसून राहते. उपचारास उशीर झाल्यास मेंढी व दोन्ही कोकरे दगावण्याचा संभव असतो. म्हणून पहिले लक्षण दिसताच पशुवैद्यकास बोलवावे.

हा रोग टाळणे मेंढपाळाच्या हाती आहे. या काळात मक्याचा भरडा व पेंड यांचा खुराक थोड्या प्रमाणात सुरू करून हळूहळू वाढवावा व दोन वेळा विभागून द्यावा. जोडीला लसूणघास किंवा भुईमुगाचा पाला द्यावा. एक दिवसही उपास घडू देऊ नये व लांबची चाल टाळावी. विण्यापूर्वी सुमारे महिनाभर आंत्रविषाराची लस टोचून घ्यावी.

विल्यानंतर

जुळी कोकरे वजनाने हलकी असतात व लवकर गारठतात. त्यांना पुसून कोरडे करावे, नाळेस आयोडीन लावावे व तासाभरात दोघांनाही चीक पाजावा. दुबळ्या कोकरास हाताने सडास लावावे. पहिले कोकरू चालू लागताच मेंढी त्याच्यामागे निघून जाते व दुसरे मागे राहते. यासाठी दोन-तीन दिवस तिघांना लहानशा आडोशात वेगळे ठेवावे. दूध अपुरे पडल्यास शेळीचे दूध पाजावे.

गावात कळप उतरला म्हणजे ग्रामसेवकांनी मेंढपाळास भेटून गाभण मेंढ्या वेगळ्या काढविण्यास व त्यांचा खुराक सुरू करविण्यास साहाय्य करावे. वाण सुधारला तरी या दीड महिन्याच्या खुराकात काटकसर केल्यास जुळ्यांचा लाभ पदरात पडत नाही, उलट हाती असलेली मेंढीही जाते.